एअर-ड्रिव्हन गॅस बूस्टर: निवडण्यापासून चालवण्यापर्यंत

गॅस बूस्टर म्हणजे वायूचा दाब आणखी वाढवणारं यंत्र; एअर-ड्रिव्हन, म्हणजे ते कॉम्प्रेस्ड हवेवर चालतं. त्याची चौकशी करणारा नवा माणूस पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो: "किती बारपर्यंत जातो?" बार हे दाबाचं एकक. समोरचाही खुशीत मोठा आकडा सांगतो. मशीन येतं, जोडलं जातं, आणि मग लक्षात येतं की आकडा खरा होता, पण तो आपल्या परिस्थितीतला नव्हता. जास्तीत जास्त दाब ही या यंत्राची सगळ्यात सोपी बाजू आहे. खरी मेख दोन ठिकाणी असते. इनलेटला वायू किती दाबाने येतोय आणि यंत्र हलवायला हवा पुरेशी मिळतेय का. या दोन प्रश्नांची उत्तरं हातात नसतील तर कॅटलॉग उघडूच नका.

खालचे टप्पे मी ज्या क्रमाने काम करतो त्याच क्रमाने दिलेत. मुख्य रोख नायट्रोजन, आर्गॉन, हेलियम यांसारख्या न जळणाऱ्या वायूंवर आहे. ऑक्सिजन आणि हायड्रोजनबद्दल चौथ्या टप्प्यात वेगळं लिहिलंय, ते वाचल्याशिवाय त्या वायूंच्या वाटेला जाऊ नका.

१. यंत्र आतून समजून घ्या

एका दांड्यावर दोन पिस्टन बसवलेले असतात. एक मोठा, एक लहान. मोठ्या पिस्टनवर कारखान्यातली साधी कॉम्प्रेस्ड हवा ढकलते, लहान पिस्टन वायू दाबतो. मोठ्याचं क्षेत्रफळ लहानाच्या ३० पट असेल तर गुणोत्तर ३०:१. हवा ६ बारची दिली तर लहान बाजूला १८० बारपर्यंत जोर लागतो. पिस्टन टोकाला पोचला की पायलट व्हॉल्व्ह स्पूलला (हवेच्या व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांडीला) इशारा देतो, स्पूल हवेची बाजू बदलतो आणि पिस्टन परत फिरतो. या मागेपुढे होण्याला वीज लागत नाही.

दोन्ही बाजूंचा जोर सारखा झाला की पिस्टन थांबतो. यालाच स्टॉल म्हणतात. स्टॉलला यंत्र तसंच उभं राहतं, दाब धरून ठेवतं आणि हवा जवळपास खात नाही. पुढे कुठे थोडा दाब उतरला की आपोआप एखादा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव, मारून भर घालतं. लांबलचक लीक टेस्टिंगला हे यंत्र लोकांना आवडतं ते याचमुळे.

हवेचा भाग आणि वायूचा भाग यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते आणि तिला बाहेर तोंड असतं, म्हणजे व्हेंट. सील झिजला तर वायू या व्हेंटमधून बाहेर येतो, यंत्र चालवणाऱ्या हवेत मिसळत नाही. वायूच्या बाजूला तेल नसतं, सील कोरडे चालतात. नवीन मशीनच्या व्हेंटला वाहतुकीसाठी प्लास्टिकची टोपणं लावलेली असतात. ती काढायची राहून जातात, आणि पुढे सील गेला की तो कळायची वाटच बंद झालेली असते.

बूस्टरचे मुख्य प्रकार तीन:

सिंगल ॲक्टिंग: लहान पिस्टन एकाच दिशेने वायू दाबतो. स्टॉलचा दाब = गुणोत्तर × हवेचा दाब.

डबल ॲक्टिंग: दोन्ही दिशांना दाबतो. दाबताना मागच्या बाजूने येणारा इनलेटचा वायूही ढकलायला मदत करतो, म्हणून स्टॉल = गुणोत्तर × हवेचा दाब + इनलेटचा दाब.

टू स्टेज: वायू बूस्टरच्या आतच दोनदा दाबला जातो, आधी मोठ्या गॅस सिलिंडरमध्ये, मग लहान सिलिंडरमध्ये. ३०/७५ असं गुणोत्तर असेल (पहिल्या टप्प्याचं ३०, दुसऱ्याचं ७५) तर स्टॉल = ७५ × हवेचा दाब + २.५ × इनलेटचा दाब. हवा ६ बार आणि इनलेट ४० बार असेल तर ४५० + १०० = ५५० बार.

शेवटच्या सूत्रात एक सापळा आहे. इनलेट वाढवला की आउटलेट वाढतो, मग इनलेट हवा तेवढा वाढवावा असं वाटतं. तसं करता येत नाही. टू स्टेज मशीनमध्ये इनलेटचा दाब एका मर्यादेपुढे गेला की दोन टप्प्यांमधला दाबच हवेला भारी पडतो आणि पिस्टन मध्येच अडून बसतो. आउटलेटच्या गेजवर दाब कमी, यंत्र गप्प, आणि बिघाड मात्र काहीच नाही. ही मर्यादा हवेच्या दाबाच्या पटीत मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती आधी बघा.

२. आकडे कागदावर मांडा

विक्रेत्याला फोन करण्याआधी एवढं लिहून काढा:

- वायू कोणता, किती शुद्ध, किती कोरडा
- इनलेटचा सगळ्यात कमी दाब
- आउटलेटला लागणारा दाब
- किती लिटरचं भांडं, किती दाबापासून किती दाबापर्यंत, किती वेळात
- हवेचा दाब आणि दर मिनिटाला मिळणारी हवा, दोन्ही बूस्टरजवळ मोजलेले

दुसऱ्या ओळीतल्या "सगळ्यात कमी" या शब्दांवर मी अडून बसतो. लोक भरलेल्या सिलिंडरचा दाब लिहितात. सिलिंडर भरलेला असताना काम कुठलंही मशीन करतं. तो रिकामा होत आला, ३० किंवा २० बारवर आला, तेव्हा तुमच्या बूस्टरला दाब चढवता येतो का, हा खरा प्रश्न. सिलिंडरमधला उरलासुरला वायू वापरता यावा म्हणूनच तर पुष्कळ जण बूस्टर घेतात.

इथे मृत जागेचा हिशोब समजून घेणं भाग आहे. पिस्टन टोकाला गेला तरी चेक व्हॉल्व्हभोवती (वायूला एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) थोडी जागा उरते आणि तिथला दाबलेला वायू बाहेर जात नाही. पिस्टन मागे येताना तो वायू आधी फुगतो, इनलेटच्या दाबाखाली येतो, आणि तेव्हाच नवा वायू आत शिरतो. समजा ही जागा स्ट्रोकच्या ५ टक्के आहे. इनलेट १० बार, आउटलेट १०० बार. गेज वातावरणाच्या दाबाच्या वरचाच दाब दाखवतो, म्हणून त्याच्या आकड्यांत १ मिळवून दोन दाबांचं गुणोत्तर काढायचं: १०१ भागिले ११, म्हणजे सुमारे ९. फुकट जाणारा स्ट्रोक साधारण ५ × (९ − १), म्हणजे ५ × ८, म्हणजे ४० टक्के. अजून निम्म्याहून जास्त स्ट्रोक कामाचा आहे. आता आउटलेट २०० बार करा. गुणोत्तर १८ च्या वर जातं आणि जेमतेम १४ टक्के स्ट्रोक उरतो. २३० बारच्या आसपास तर काहीच उरत नाही. स्टॉलचं सूत्र ३०० बार म्हणत असलं तरी पिस्टन तोच वायू दाबत आणि सोडत बसतो, पुढे काही जात नाही. मशीन मजेत टकटक करत असतं, गेजचा काटा मात्र हलत नाही.

म्हणून इनलेट कमी आणि आउटलेट बराच जास्त असेल तर टू स्टेज घ्या किंवा दोन बूस्टर एकामागे एक लावा. इनलेट आणि आउटलेटमधलं अंतर थोडं असेल, उदाहरणार्थ १०० वरून २००, तर डबल ॲक्टिंग जास्त वायू देतो आणि तोच परवडतो.

वेळेचा हिशोबही कागदावर करता येतो. ५० लिटरचं भांडं १०० बारपासून २०० बारपर्यंत भरायचं तर ५० × १००, म्हणजे ५,००० लिटर वायू लागतो, तोही वातावरणाच्या दाबाला मोजलेला. मशीन ३०:१ चं डबल ॲक्टिंग, हवेचा पिस्टन १५० मिलिमीटर व्यासाचा, स्ट्रोक १०० मिलिमीटर धरू. हवेच्या बाजूचं घनफळ सुमारे १.७७ लिटर, त्याचा तिसावा भाग ५९ मिलिलिटर, दोन्ही दिशा धरून ११८. इनलेट १०० बार असताना दर फेरीला जवळपास १२ लिटर वायू, मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर ७०० लिटर. कागदावर सात मिनिटं. प्रत्यक्षात किमान दुप्पट धरा. स्टॉलजवळ येता येता पिस्टन मंदावतो आणि मृत जागा आपला वाटा घेतेच. लागणाऱ्या दाबापेक्षा स्टॉलचा दाब निदान पंचवीस-तीस टक्के जास्त ठेवला नाही, तर शेवटचे काही बार चढायला सुरुवातीच्या सगळ्या वेळापेक्षा जास्त वेळ लागतो.

फार मोठ्या दाबांना हा साधा गुणाकार चुकतो, कारण वायू आदर्श वागत नाहीत. हायड्रोजन ३५० बारला लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम मावतो, ७०० बारला सुमारे ४०. दाब दुप्पट झाला, वायू दुप्पट झाला नाही. २०० बारपर्यंत नायट्रोजनसाठी साधा हिशोब चालून जातो.

३. हवेचा बंदोबस्त

वर धरलेलंच मशीन घ्या. एका फेरीत हवेचा पिस्टन दोनदा सरकतो, म्हणजे ३.५ लिटर जागा ६ बारच्या हवेने भरते आणि रिकामी होते. वातावरणाच्या दाबाला मोजली तर ती फेरीमागे सुमारे २५ लिटर हवा. मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे दीड घनमीटर. त्यासाठी साधारण १० किलोवॅटचा कॉम्प्रेसर पूर्णवेळ लागतो. हाताने उचलता येणाऱ्या यंत्रामागे एवढा मोठा कॉम्प्रेसर लागतो, यावर लोकांचा पटकन विश्वास बसत नाही.

हेडरवरच्या, म्हणजे हवेच्या मुख्य पाइपवरच्या, गेजवर ७ बार दिसतो म्हणून बूस्टरला ७ बार मिळतो असं धरू नका. बारीक होज, पाच-सहा क्विक कपलिंग, चोंदलेला फिल्टर, आणि मशीन चालू असताना बूस्टरच्या तोंडाशी ४ बार. ३०:१ च्या मशीनमध्ये हे ३ बार म्हणजे आउटलेटचे ९० बार. हवेचा गेज बूस्टरच्या अगदी जवळ लावा आणि मशीन धावत असताना वाचा. उभं असताना वाचलेला दाब काही सांगत नाही. मशीनचं हवेचं तोंड ज्या मापाचं आहे त्यापेक्षा बारीक नळी कुठेही वापरू नका.

हवा ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आणि रेग्युलेटरमधून (दाब ठरवून देणाऱ्या व्हॉल्व्हमधून) यावी. इतर न्यूमॅटिक अवजारांना लावतात तसा तेलाचा लुब्रिकेटर सहसा लावायचा नसतो, मशीन कारखान्यातून ग्रीस लावूनच येतं. तेल टाकलं तर ते ग्रीस धुऊन निघतं आणि स्पूल चिकट होतो.

ओलसर हवा हा सगळ्यात छळणारा त्रास. बाहेर पडणारी हवा एकदम प्रसरण पावते आणि गोठणबिंदूच्या खाली थंड होते. हवेत पाणी असलं की मफलरमध्ये बर्फ धरतो. आधी यंत्र मंदावतं, मग अडखळत चालतं, मग थांबतं. दहा मिनिटं थांबलात की बर्फ वितळतो आणि मशीन पुन्हा शहाण्यासारखं चालायला लागतं, त्यामुळे दोष सापडत नाही. मफलरवर हात ठेवून बघा, पांढरं दव जमलेलं असेल तर हवा कोरडी करणारा ड्रायर बघा. हीच थंड हवा कित्येक मशीनमध्ये बूस्टरच्या आतल्या गॅस सिलिंडरभोवती फिरवून वायू थंड करायला वापरतात, म्हणून एक्झॉस्टची मूळ नळी काढून टाकायच्या भानगडीत पडू नका.

४. वायूप्रमाणे बदलणारे नियम

दाबला की वायू तापतो. २० अंश सेल्सिअसचा नायट्रोजन एका दमात चौपट दाबला तर हिशोबाने तो १६० अंशांपर्यंत जातो. हेलियम त्याच चौपटीला २३५ अंशांपर्यंत. प्रत्यक्षात धातू बरीच उष्णता ओढून घेतो, पण सील तापतात ते याच कारणाने, आणि हेलियमवर मशीन सावकाश चालवायचं तेही याच कारणाने. हेलियम गळतोही सगळ्यात आधी. नायट्रोजनवर पास झालेला सांधा हेलियमवर पास होईलच असं नाही.

कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रव असतो, २० अंशांना सुमारे ५७ बारवर. गॅस बूस्टरच्या आत द्रव गेला तर तो दाबला जात नाही, चेक व्हॉल्व्ह आणि सील मार खातात. आधी त्याची वाफ होईल अशी सोय करा किंवा द्रवासाठीचा पंप घ्या.

हायड्रोजनसाठी व्हेंट आणि रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा दाब आपोआप सोडणाऱ्या) नळ्या छताबाहेर मोकळ्या हवेत न्या, सगळं अर्थिंग करा, आणि मशीन हायड्रोजनसाठीच बनवलेलं आहे हे लेखी घ्या. काही पोलाद हायड्रोजनमुळे ठिसूळ होतात.

ॲसिटिलीन बूस्ट करायचा विचारही करू नका. मोकळा ॲसिटिलीन गेजवर साधारण १ बारच्या वर स्वतःहून विघटित होऊन फुटू शकतो, त्याला हवेची गरजही लागत नाही.

आता ऑक्सिजन. १ बारवर असलेल्या बंद नळीत २०० बारचा ऑक्सिजन बॉल व्हॉल्व्ह उघडून झटक्यात सोडला, तर नळीच्या टोकाशी दाबल्या गेलेल्या वायूचं तापमान हिशोबाने १,००० अंशांच्या वर जातं. तिथे तेलाचा ठिपका, धातूचा कीस किंवा नको तो रबर असला की तो पेटतो, आणि एवढ्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये स्टेनलेस स्टीलही जळतं. म्हणून ऑक्सिजनच्या मांडणीत हळू उघडणारे नीडल व्हॉल्व्ह हवेत. प्रत्येक भाग ऑक्सिजनसाठी साफ केलेला आणि सीलबंद पिशवीतून आलेला हवा. सील आणि ग्रीस ऑक्सिजनला चालणारं हवं. नायट्रोजनवर चाललेला बूस्टर "पुसून" ऑक्सिजनवर लावायचा नाही. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर अनुभवी माणूस शेजारी उभा केल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावू नका.

५. काय काय जमवायचं

बूस्टरच्या हवेच्या बाजूला: बंद-चालू व्हॉल्व्ह, फिल्टर, रेग्युलेटर, गेज, आणि हवेचा छोटा रिलीफ व्हॉल्व्ह. हा शेवटचा भाग स्वस्त आहे आणि लोक तोच गाळतात. रेग्युलेटर बिघडून हवेचा दाब वाढला तर आउटलेट त्याच्या तीस किंवा पंचाहत्तर पट वाढतो, हे लक्षात घ्या.

वायूच्या बाजूला:

- इनलेटला बारीक फिल्टर, गेज, बंद करायचा व्हॉल्व्ह
- आउटलेटला गेज, रिलीफ व्हॉल्व्ह, बंद करायचा व्हॉल्व्ह आणि दाब सोडायचा व्हॉल्व्ह
- लागणारा दाब आला की चालवणारी हवा तोडणारा एअर पायलट स्विच, आणि इनलेट फार खाली गेला की मशीन थांबवणारा दुसरा

गेज कामाच्या दाबाच्या दीडपट ते दुप्पट पल्ल्याचा आणि मागून फुटणारा, म्हणजे फुटला तर काच तोंडावर न येणारा, असा घ्या. ट्यूबची जाडी डोळ्यांनी ओळखता येत नाही. पाव इंची स्टेनलेस ट्यूब ०.०३५ इंच जाडीची असेल तर साधारण ३५० बारला चालते, ०.०६५ इंच जाडीची साधारण ७०० बारला. बाहेरून दोन्ही एकसारख्याच दिसतात. ट्यूबवरचा छापील मजकूर वाचता येत नसेल तर तो तुकडा वापरू नका. आणखी वरच्या दाबांना कोन-अँड-थ्रेड, म्हणजे शंकूच्या टोकाच्या आणि आट्यांच्या, फिटिंग लागतात. त्यांच्या बाजूला एक बारीक भोक असतं. गळती झाली तर तिथून बाहेर पडावी म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. ते कुणी टेप लावून बुजवलेलं दिसलं तर आधी टेप काढा आणि मग त्या माणसाला शोधा.

कागदपत्रं: मॅन्युअल आणि त्यातला कामगिरीचा आलेख, दाबाच्या चाचणीचं प्रमाणपत्र, रिलीफ व्हॉल्व्हच्या सेटिंगचं प्रमाणपत्र, गेजचं कॅलिब्रेशन, ऑक्सिजन असेल तर सफाईचं प्रमाणपत्र, आणि ज्या भांड्यात वायू भरणार त्याच्या मंजूर दाबाचा कागद. दाबाखालच्या उपकरणांचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. युरोपात २०१४/६८/ईयू हा निर्देश लागू होतो, स्फोटक वातावरणासाठी २०१४/३४/ईयू. तुमच्याकडे कोणता नियम लागतो हे खरेदीच्या आधी विचारा, कारण मशीन आल्यावर त्यावर शिक्का मिळवणं फार जड जातं.

६. जोडणी

मशीन घट्ट चौकटीवर बसवा. व्हेंटची टोपणं काढा. प्रत्येक ट्यूब जोडण्याआधी फुंकून साफ करा, कापल्यानंतर कडेला राहिलेले धातूचे कंगोरे (बर) काढून टाका. धातूचा एक बारीक कण चेक व्हॉल्व्हच्या सीटवर बसला तरी मशीन निरुपयोगी. आट्यांच्या सांध्यांना टेप लावताना पहिले एक-दोन आटे मोकळे सोडा, नाहीतर टेपचा तुकडा आतच जातो.

दाब सोडायचा व्हॉल्व्ह कुठे येतो याकडे बारकाईने बघा. बूस्टर आणि आउटलेटचा बंद व्हॉल्व्ह यांच्या मधल्या तुकड्यात वायू कोंडून राहतो. मागे जाऊ शकत नाही कारण चेक व्हॉल्व्ह आहे, पुढे जाऊ शकत नाही कारण व्हॉल्व्ह बंद आहे. या तुकड्याला स्वतःचा ब्लीड, म्हणजे दाब सोडायचा व्हॉल्व्ह, हवा. इनलेटच्या बाजूलाही एक.

बंद खोलीत नायट्रोजन किंवा आर्गॉन वापरत असाल तर सगळे व्हेंट बाहेर न्या आणि ऑक्सिजनचा अलार्म लावा. हवेतला ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा धोक्याची मानतात, आणि या वायूंना वास नसल्यामुळे माणसाला काही जाणवत नाही.

७. पहिल्यांदा चालू करताना

आधी एक आकडा डोक्यात ठेवा. ५० लिटरच्या भांड्यात २०० बारचा नायट्रोजन म्हणजे सुमारे २० लाख ज्यूल साठलेली ऊर्जा, अर्धा किलो टीएनटी या स्फोटकातल्या ऊर्जेच्या आसपास. त्याच भांड्यात त्याच दाबाला पाणी असेल तर पाण्यातली ऊर्जा चार-पाच हजार ज्यूल. पाण्याने चाचणी करता येत असेल तर वायूने करू नका, असं सगळे जाणकार म्हणतात ते यासाठी. पाइपिंगच्या एएसएमई (अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सची संस्था) बी ३१.३ या मानकात पाण्याची चाचणी साधारण दीडपट दाबाला असते, वायूची किमान १.१ पटीला. वायूच्या चाचणीत अर्धा दाब किंवा १.७ बार यांपैकी जो कमी असेल तिथे आधी थांबून गळती बघायची आणि मग पायऱ्या-पायऱ्यांनी चढायचं, असा त्याचा दंडक आहे.

आता क्रम:

अ) हवा बंद, सगळे ब्लीड बंद, रेग्युलेटर पूर्ण सैल. माणसं लांब.

आ) इनलेटचा व्हॉल्व्ह हळू उघडा. चेक व्हॉल्व्ह पुढच्या दिशेला वायू अडवत नाहीत, त्यामुळे मशीन हललेलं नसतानाही आउटलेटचा गेज इनलेटच्या बरोबरीला येतो. नवख्यांना हे ठाऊक नसतं आणि "बंद" बूस्टरपुढची नट सैल करायला ते जातात.

इ) दोन्ही बाजू समान होऊ द्या. जेवढं भांडं नुसत्या वाहण्याने भरतं तेवढी हवा वाचते.

ई) कमी दाबावर थोडा वायू दोनतीनदा सोडून आतली हवा बाहेर काढा.

उ) साबणाच्या पाण्याने सांधे तपासा. ऑक्सिजनसाठी त्याला चालणारं द्रावणच वापरा. बुडबुडा दिसला तर दाब शून्यावर आणा, मग पाना लावा. दाबाखालची नट कधीच आवळू नका, अर्धा पीळसुद्धा नाही.

ऊ) हवा दीड-दोन बारवर सुरू करा. स्ट्रोक सारख्या लयीत पडतात का ते ऐका. मग हवा हळूहळू वाढवा. मिनिटाला ५०-६० फेऱ्यांच्या वर मशीन सतत पळवलं की सील भराभर झिजतात.

ए) दाब गाठला की थांबा आणि वाट बघा. भरताना ६० अंशांवर गेलेला २०० बारचा वायू २५ अंशांना थंड झाला की १८० बारच्या जवळ येतो. लोक याला गळती समजतात आणि सगळे सांधे खोलून बसतात. भांड्याचा पत्रा हाताला गार लागेपर्यंत कुठलाही निष्कर्ष काढू नका.

८. बंद करताना

आधी हवा. मग इनलेट. मग आउटलेटचा ब्लीड, हळू. शेवटी इनलेटचा ब्लीड. दोन्ही गेज शून्यावर आल्याचं बघून मगच पाना हातात घ्या. ब्लीडच्या तोंडासमोर कुणी उभं नको आणि कानांना संरक्षण हवं.

९. बिघाड ओळखणं

मशीन अजिबात हलत नाही: हवेचा दाब, बंद व्हॉल्व्ह, पायलट स्विच या क्रमाने बघा. हे ठीक असेल तर स्पूल अडकलेला असतो. आणि टू स्टेज असेल तर इनलेटचा दाब मर्यादेबाहेर गेलाय का, तेही.

हलतं पण दाब चढत नाही: इनलेट फार कमी, म्हणजे मृत जागेचा खेळ, किंवा चेक व्हॉल्व्हमध्ये घाण.

एक स्ट्रोक झपकन आणि दुसरा सावकाश: डबल ॲक्टिंग मशीनमध्ये ही फार बोलकी खूण आहे. एका बाजूचा चेक व्हॉल्व्ह गळतोय. झपकन जाणाऱ्या स्ट्रोकला जी बाजू दाबायला हवी होती ती बघा. तिथला वायू पुढे जाण्याऐवजी इनलेटकडे परत जातोय, म्हणून पिस्टनला विरोध होत नाही.

स्टॉलला येऊनही मधूनमधून स्ट्रोक मारतं: आधी आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद करून बघा. थांबलं तर गळती पुढच्या पाइपिंगमध्ये, तरीही चालू राहिलं तर मशीनच्या आत किंवा मधल्या सांध्यांत.

व्हेंटमधून सतत वायू येतो: गॅसचा सील गेला. व्हेंटला पातळ नळी लावून तिचं टोक पाण्याच्या भांड्यात बुडवलं तर बुडबुडे मोजता येतात. दर आठवड्याला एकदा मोजून वहीत लिहा, म्हणजे सील संपत आल्याचं आधीच दिसतं. ऑक्सिजनच्या मशीनवर मात्र हे पाण्याचं भांडं नको.

सील किट मशीनबरोबरच मागवून ठेवा, स्पूलच्या ओ-रिंगसह, आणि पाकिटावर मशीनचा मॉडेल क्रमांक लिहा. दिसायला सारखे सील वेगवेगळ्या वायूंसाठी वेगळ्या पदार्थांचे असतात.